पोस्टानं आलेली मतपत्रिका आणि दाजींच्या खिशातला फॉर्म

एप्रिल उजाडला की बॉस्टनजवळच्या आमच्या घरी एक पाकीट येतं. नाव बायकोचं. तिनं हार्वर्डमधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, तेवढ्यावर तिला दर वर्षी विद्यापीठाच्या ‘बोर्ड ऑफ ओव्हरसीअर्स’साठी, म्हणजे कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळासाठी, मत देता येतं. तिनं कधी नाव नोंदवलं नाही, फी भरली नाही. पदवी हातात पडली आणि नाव यादीत चढलं. गॅसवर चहा उकळेपर्यंत ती फोनवर पाच नावांपुढं खुणा करते आणि विसरून जाते.

गेल्या खेपेला नेमका तेव्हाच साताऱ्याहून दाजींचा फोन आला. दाजी ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झालेत आणि शिवाजी विद्यापीठाच्या सिनेटच्या, म्हणजे अधिसभेच्या, प्रत्येक निवडणुकीत कुठल्या ना कुठल्या पॅनेलसाठी धावतात. पॅनेल बदलतं, धावणं तेच. चहाची गोष्ट ऐकून म्हणाले, “पाव्हणं, हे आमच्याकडं का नको? मोबाइलवर मतदान झालं तर पुण्या-मुंबईची, परदेशातली सगळी पोरं मत देतील. लिहा की जरा.”

लिहितो आहे, पण दाजींना आवडेल असं नाही.

मोबाइल हा यातला सगळ्यात किरकोळ भाग. हार्वर्डचं हे मंडळ 30 जणांचं, मुदत सहा वर्षांची, दर वर्षी पाच जागा निघतात. 1865 पर्यंत ही निवड मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडं होती, मग ती पदवीधरांकडं आली. ऐकायला झकास. पण मतपत्रिकेवरची नावं माजी विद्यार्थी संघटनेची समिती निवडते. सगळी थोर माणसं: कुणी न्यायाधीश, कुणी डॉक्टर, कुणी कंपनीचा मालक. सगळ्यांच्या निवेदनात तीच वाक्यं. बायको विचारते, “यांच्यात भांडण कशावरून आहे?” मला आजवर सांगता आलेलं नाही.

बाहेरच्यानं उभं राहायचं तर पदवीधरांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. त्या वाटेनं 1989 मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे आर्चबिशप डेस्मंड टुटू निवडून आले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतली गुंतवणूक विद्यापीठानं काढून घ्यावी म्हणून माजी विद्यार्थ्यांनी त्यांना उभं केलं होतं. पूर्वी दोनशेच्या आसपास सह्या पुरत. 2016 मध्ये बाहेरच्या पाच जणांनी एकत्र लढत दिली, ते पडले, आणि तरीही पुढं सह्यांची अट एकूण मतदारांच्या एक टक्क्यावर गेली, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. 2020 मध्ये तेवढ्या सह्या जमवून हवामानबदलाच्या मुद्द्यावर पाच तरुण उभे राहिले, तीन निवडून आले. त्याच वर्षी नियम झाला: सह्यांच्या वाटेनं आलेले 30 मध्ये सहापेक्षा जास्त नकोत. येल विद्यापीठानं 2021 मध्ये ही वाटच बुजवली. डार्टमथ कॉलेजची गोष्ट तर आपल्या साखर कारखान्यात शोभावी. तिथं 1891 च्या करारानं विश्वस्त मंडळाच्या निम्म्या जागा माजी विद्यार्थ्यांच्या मतांवर भरायच्या ठरल्या होत्या. 2004 ते 2007 या काळात बंडखोर एकामागून एक चार जागा जिंकले. मंडळानं काय करावं? आपणच नेमायच्या आठ नव्या जागा वाढवल्या. निम्मं कुठलं आणि काय कुठलं!

आता आपल्याकडं बघा. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचं शिवाजी विद्यापीठ 1962 चं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांना 10 जागा दिल्या. त्यातल्या पाच राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला यांना एकेक. मत पसंतीक्रमानं. कुठली समिती नावं चाळत बसत नाही. कोरेगावचा वकील उभा राहतो, विट्याचा मास्तर उभा राहतो, आणि भांडण कशावरून आहे ते पोवई नाक्यावर चहा पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. ही लोकशाही मला तिकडच्यापेक्षा खरी वाटते. हे मी अमेरिकेत राहून म्हणतोय म्हणून नाही, तिथली मतपत्रिका वाचून म्हणतोय.

आपल्याकडं उमेदवार मोकळा आहे. मतदार मात्र तयार करावा लागतो.

माझंच सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या लग्नात, पंगत उठल्यावर, दाजींनी सदऱ्याच्या खिशातून पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवायचा, चार घड्या घातलेला फॉर्म काढला. “इथं सही.” मी मठ्ठ्याचा पेला बाजूला ठेवून सही केली, त्या कागदावर पिवळा डाग पडला तो अजून आठवतो. पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घरून गेली. फी कुणी भरली हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. असे शे-दोनशे फॉर्म दाजींनी त्या हंगामात भरले. म्हणजे निवडणूक मतदानाच्या दिवशी झालीच नाही, ती फॉर्मच्या गठ्ठ्यात आधीच झाली. ज्याच्याकडं गठ्ठा मोठा, त्याची पहिली पसंती पक्की. मी एकदाही मत दिलेलं नाही. तीन जिल्ह्यांत दर वर्षी पदवी घेणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना असं रजिस्टर असतं हे तरी माहीत असतं?

म्हणून दाजी, आधी मोबाइल नको. पदवीदान झालं की नाव आपोआप यादीत चढू दे, फीशिवाय. ते न करता मोबाइल आणलात तर गठ्ठ्याच्या जागी ओटीपी गोळा होतील. मला तर भीती आहे की तुम्हीच गोळा कराल.

राहिलो आम्ही परदेशातले. अमेरिकेत पदवीधराला मत का, तर तो देणगी देतो. डार्टमथला 1891 मध्ये पैसाच हवा होता. साताऱ्यात हा हिशेब बसत नाही. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्यात आली. बोर्डिंगच्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, गावोगावच्या माणसांनी पायलीनं धान्य घातलं. त्यातल्या बहुतेकांना सही येत नव्हती. अधिसभेत त्यांच्यासाठी जागा कुठली असायला? मग वीस वर्षांत कॉलेजच्या वाचनालयाची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्यानं डॉलरच्या जोरावर किंवा ओटीपीच्या जोरावर प्राचार्यांना जाब विचारावा, हे मला तरी पटत नाही. फी किती, वसतिगृहात पाणी येतं का, पेपर वेळेवर तपासले जातात का, हे वडूजहून रोज एसटीनं येणाऱ्या पोरीच्या भावाला विचारू दे. त्यानं परवाच पदवी घेतली आहे आणि त्याचं नाव यादीत नाही.

हे सगळं मी दाजींना फोनवर सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, माझं नाव तेवढं काढून टाका. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “नाव घालायचा फॉर्म माहितीय. काढायचा कुठं मिळतो, बघावं लागंल.”

त्याला आता पाच महिने झाले.