धुळ्याचं 'घुळे' होऊ नये म्हणून

शिरोरेषा उडवून अक्षर 12 अंश तिरकं केलं की देवनागरी 'भविष्यातली' दिसते, असं गाड्यांवरच्या अक्षरांबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. दिसते हो, पण वाचायची कुणी? ध-घ आणि भ-म यांतला फरक दोनच गोष्टींवर टिकतो: शिरोरेषेतली फट आणि डावीकडची गाठ. रेषा काढली की फट गेली. वळणं चौकोनी केली की गाठही कोपऱ्यात विरते. मग गाडीच्या काचेवर धुळ्याचं 'घुळे' आणि भुसावळचं 'मुसावळ'! रेषा ठेवा, फट जरा जास्तच मोठी ठेवा.

आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा फॉन्ट स्क्यू केला, म्हणजे नुसता एका बाजूला कलवला, की तिरका फॉन्ट झाला असं नाही. पाया जागेवर धरला तर 12 इंची अक्षराचा माथा अडीच इंच उजवीकडे सरकतो. रफार पुढच्या अक्षरावर बसल्यासारखा दिसतो, उकार मागे राहतो, गोलाई एका खांद्यावर फुगते नि दुसऱ्यावर आटते. 8-9 अंश पुरेत, मात्रा हातानं जुळवा. रेडियम (गाडीवर चिकटवायचं स्टिकर) कापायचं असेल तर आधी वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर आलेले तुकडे जोडून एकसंध आकार करा, नाहीतर कटर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा चिरतो आणि जळगावच्या मे महिन्यात पट्टी तिथूनच उचलते.