चारही चाकांना ताकद, म्हणून ब्रेक जास्त? खुलासा

कोल्हापूरच्या गाडीवेड्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'वेगवान इस्टेट (मागं सामानाला लांब जागा असलेली गाडी) घ्यायची तर ऑल व्हील ड्राइव्हच (इंजिनाची ताकद चारही चाकांना); गगनबावड्याजवळच्या करूळ घाटात पावसात ती लवकर थांबते आणि वळणावर घसरत नाही.' यातला थांबण्याचा भाग साफ चुकीचा आहे.

ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. इंजिनाची ताकद दोन चाकांकडे जाते की चार, याचा थांबण्याच्या अंतराशी जवळजवळ संबंध नाही. तिथं टायर आणि रस्ता हिशेब ठरवतात. उलट ऑल व्हील ड्राइव्हचे जादा शाफ्ट आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) वजनात भरच घालतात.

फायदा आहे तो वेग घेताना. मर्सिडीजची २०१३ ची ई ६३ एएमजी इस्टेट ५.५ लिटर व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनासह नुसत्या मागच्या चाकांना ताकद आणि चारही चाकांना ताकद, अशा दोन्ही प्रकारांत मिळायची, आणि ताशी शून्य ते शंभर किलोमीटर वेग गाठताना चारही चाकांना ताकदवाली सुमारे अर्धा सेकंद पुढे असायची. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढतं, कारण नुसती मागची चाकं एवढा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पेलताना जागीच फिरत राहतात. वळणातून बाहेर पडतानाही तेच.

वळणात शिरताना मात्र दोघी सारख्याच. खरा धोका तिथंच: गाडी झपकन उचलते म्हणून चालकाला पकड भरपूर वाटते, आणि पुढच्या वळणाला तो जास्त वेगात पोचतो. पाण्यावर तरंगलेला टायर कुठलीच सिस्टीम वाचवत नाही. कायद्यानं टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते; गगनबावड्याच्या पावसात तेवढ्यावर जाणं म्हणजे नसता शहाणपणा.