बिबड्या, कावळे आणि मत्तय अध्याय ६

मे महिना, भुसावळ, गच्चीवर जुन्या साडीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातलेल्या, आणि राखणीला मी, कारण "तुला काय, घरूनच तर काम आहे". ऊन ४५ च्या आसपास, डोक्यावर ओला रुमाल, हातात बांबू. ज्वारी भिजवा, कांडा, शिजवा, तीळ-लसूण घाला, एवढं करून मालक कोण, तर टाकीवर बसलेला कावळा!

तेवढ्यात शेजारचे काका आले. रेल्वेतून रिटायर, चर्चमधे रविवारशाळा घेतात. सावलीतली एकुलती एक खुर्ची पटकावली आणि म्हणे, "हाकलतो कशाला रे भाऊ? शीक काहीतरी त्यांच्याकडून. बायबलातलं मत्तय ६. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गातला बाप त्यांना खाऊ घालतो."

म्हटलं काका, इथे तर आमची आई खाऊ घालून राह्यली.

पण काका ऐकतील तर शप्पथ. मग बायबलातलाच संदेष्टा एलीया आला, करीथ ओहोळाजवळ लपलेला, त्याला कावळे सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देत. (आणून देत! आमचे फक्त नेतात.) मग चिमण्या. मत्तयात एका पैशाला दोन, लूकमधे दोन पैशांना पाच, म्हणजे पाचवी फुकट, "आणि त्या फुकटच्या चिमणीलाही देव विसरत नाही, बघ!" हे खरंच छान होतं, मान्य. पण आई पण विसरत नाही ना, ती बिबड्या मोजून ठेवते.

आणि हे "उद्याची चिंता करू नका" सांगणाऱ्यांची पेन्शन महिन्याच्या महिन्याला बरोबर जमा होते, हेही एकदा कोणीतरी लिहायला पाहिजे. आमच्या मामाची रावेरला केळी आहे, वादळ आलं की घडांसकट आडवी, त्याला सांगा पाखरांकडे बघ म्हणून. तो बघतोच, आभाळाकडे, रोज.

बोलता बोलता काकांनी काठाची अर्धओली बिबडी सोलली. मग दुसरी. मग शेजारची. मी बांबू घेऊन कावळ्यावर धावतोय आणि पाठीमागे रांगच्या रांग गायब!

आई वर आली, साडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काका शांतपणे म्हणाले, "ताई, मीठ बरोबर पडलंय. शेंगदाण्याचं तेल असंल का थोडं?"