शांत संगणकासाठी वॉटर कूलरच हवा, हे खरे नाही

डेस्कटॉप संगणक स्वतः जोडून घेणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला सध्या सारखा पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्रोसेसर थंड ठेवायला हवेवर चालणारा एअर कूलर घेतला की आवाज आणि पाण्यावर चालणारा वॉटर कूलर घेतला की शांतता; दोन फॅनचा मोठा कूलर एका फॅनच्या लहान कूलरपेक्षा जास्त गोंगाट करतो; खोक्यावर ज्याचे डेसिबल कमी तोच कूलर घ्यावा; आणि प्रोसेसर ६० अंशांवर जाता कामा नये, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) फॅनचा वेग कमी करण्याच्या फंदात पडू नये. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु त्यावर विसंबून अनेक जण गरज नसताना जास्त पैसे मोजतात आणि आवाज मात्र होता तिथेच राहतो. आवाज कूलरच्या प्रकारावर ठरत नाही. प्रोसेसर किती वॅट उष्णता बाहेर टाकतो आणि ती हटवायला फॅनला किती वेगाने फिरावे लागते, यावर तो ठरतो.

आधी पाण्याचा मुद्दा घेऊ, कारण सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. वॉटर कूलरमध्ये प्रोसेसरवरची तांब्याची पट्टी पाण्याला उष्णता देते, पंप ते पाणी नळ्यांतून रेडिएटरकडे नेतो आणि रेडिएटरवरचे फॅन ती उष्णता हवेत सोडतात. चांगल्या एअर कूलरमध्ये हेच काम हीटपाइप करतात. या बंद तांब्याच्या नळ्यांत थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. यात हलणारा एकही भाग नसतो. शेवटी दोन्ही प्रकारांत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमधून हवा ढकलण्याचे काम फॅनच करतात. म्हणजे वॉटर कूलर घेतल्याने फॅन जात नाहीत, वर एक पंप येतो, आणि तो संगणक चालू असेपर्यंत थांबत नाही. नुसता मजकूर वाचत बसलो असताना एअर कूलरचा फॅन ऐकू येणार नाही इतका मंदावता येतो. काही मदरबोर्डांवर तो पूर्ण थांबवताही येतो. नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने तर २०२१ मध्ये एनएच-पी१ हा मुळात फॅन नसलेलाच कूलर बाजारात आणला. पंपाला अशी उसंत नसते. रेडिएटर पंपाच्या खालच्या पातळीवर बसवला, तर आतली हवा पंपाशी साचते आणि संगणक सुरू करताना कुळकुळ असा आवाज येतो. नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी उडून जाते, त्यामुळे हा त्रास कालांतराने वाढण्याचा संभव असतो.

वॉटर कूलरची बाजू जिथे खरोखर भक्कम आहे, तिथे ती मान्य केलीच पाहिजे. पाणी सावकाश तापते, म्हणून क्षणभराच्या भाराने फॅन दचकून पळत नाहीत. शिवाय ३६० मिमी रेडिएटरला उष्णता सोडायला मोठे क्षेत्रफळ मिळते. इंटेलचा कोअर आय९-१३९००के पूर्ण भाराखाली २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. असा प्रोसेसर तासन्‌तास व्हिडिओ रेंडरिंगला जुंपायचा असेल, तर मोठा वॉटर कूलर एअर कूलरपेक्षा शांत राहील. पण सल्ला पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम असे नसते. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी सारखा, खास गेमसाठी घेतला जाणारा प्रोसेसरदेखील गेम चालू असताना सहसा शंभर वॅटच्या बराच खाली असतो. तेवढ्या उष्णतेला सहा हीटपाइपांचा एअर कूलर पुरून उरतो.

दोन फॅन म्हणजे दुप्पट गोंगाट, हा दुसरा समज आकड्यांसमोर टिकत नाही. एकसारखे दोन फॅन एकाच वेगाने फिरवले, तर आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो. आता वेगाचा परिणाम पाहा. फॅनची हवा वेगाच्या प्रमाणात कमी होते, पण त्याची ध्वनिशक्ती ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. म्हणून १५०० आरपीएमचा (मिनिटाला १५०० फेऱ्यांचा) फॅन ७५० वर आणला, तर हवा निम्मी होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. कानाला १० डेसिबलचा फरक साधारण दुपटीसारखा भासतो, हे लक्षात घेतले म्हणजे १५ डेसिबल म्हणजे काय ते कळेल. या हिशेबाने दुसऱ्या फॅनमुळे आलेली ३ डेसिबलची भर दोन्ही फॅनचा वेग जेमतेम १३ टक्क्यांनी कमी केल्यावर फिटते, आणि दोन फॅन असल्यामुळे वेग त्याहून बराच कमी ठेवता येतो. फॅनच्या आकारालाही हेच लागू आहे. १४० मिमी फॅनचे क्षेत्रफळ १२० मिमी फॅनच्या तुलनेत सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त असते, त्यामुळे तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत देतो. प्रोसेसरबरोबर फुकट येणारा बुटका कूलर कर्कश वाटतो तो याच कारणाने: हीटसिंक (उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांचा भाग) लहान, फॅन लहान, आणि उरलेली सगळी कसर वेगाने भरून काढायची. मोठा कूलर घेण्याचा खरा लाभ हा आहे की त्याला हळू चालवता येते.

खोक्यावरच्या डेसिबलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नोक्टुआच्या एनएच-डी१५ या कूलरच्या पत्रकात १५०० आरपीएमला २४.६ डेसिबल लिहिले आहे, तर थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईच्या पत्रकात १५५० आरपीएमला २५.६. दोन्ही आकडे कमाल वेगाचे आहेत, आणि नीट जमवलेल्या संगणकात फॅन त्या वेगाला क्वचितच पोहोचतो. प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत सारखी असेलच असे नाही. शिवाय मीटरभर अंतरावरून मोजलेला आवाज, कॅबिनेट टेबलावर अर्ध्या मीटरवर असेल तर सुमारे ६ डेसिबलने जास्त भरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका आकड्यातून आवाजाची जात कळत नाही: हवेची एकसंध सळसळ आणि बेअरिंगची टिकटिक यांचे डेसिबल सारखे असले, तरी रात्री अभ्यास करणाऱ्याला टिकटिकच छळते.

६० अंशांचा दंडक मात्र सर्वांत जास्त नुकसान करतो. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, ७८००एक्स३डीची ८९, आणि इंटेलच्या तेराव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांची १००. भाराखाली ७५ किंवा ८० अंश दिसले, तर त्यात घाबरण्यासारखे काहीही नाही. दुसरे असे की कूलर तापमान ठरवत नाही, तो खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर किती अंश वर राहील तेवढे ठरवतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतच ४० अंश असताना ६० चा आग्रह धरला, तर कूलरच्या वाट्याला फक्त २० अंशांचे अंतर उरते. २० अंशांच्या खोलीत तेच अंतर ४० अंशांचे असते. हे अंतर निम्मे ठेवायचे म्हणजे फॅन पूर्ण वेगाने पळवूनही ते साधेलच असे नाही, आवाज मात्र नक्की होईल.

म्हणूनच बायोसमध्ये हात घालू नका, हा सल्ला मला सर्वांत चुकीचा वाटतो. आजचे प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी सेकंदाच्या आत दहा-पंधरा अंशांनी उसळतात आणि तितक्याच झटकन खाली येतात. मदरबोर्डची मूळ मांडणी प्रत्येक उसळीमागे फॅनला पळवते; ही सतत वरखाली होणारी घरघर एकसारख्या आवाजापेक्षा जास्त खटकते. फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या तापमानाला फॅन किती वेगाने फिरावा हे ठरवणाऱ्या आलेखात, ६५ अंशांपर्यंत वेग ६००-७०० आरपीएमवर सपाट ठेवावा, तिथून ८५ पर्यंत हळूहळू चढवावा, आणि स्टेप-अप टाइमची, म्हणजे फॅनचा वेग उशिरा वाढवण्याची, सोय असेल तर तीन ते पाच सेकंदांचा उशीर द्यावा. त्यानंतर नेहमीचे काम अर्धा तास करून तापमान पाहावे. एवढ्यावर न भागल्यास प्रोसेसरची वीजमर्यादा उतरवावी. रायझन ७ ७७००एक्सची कमाल मर्यादा १४२ वॅट आहे, ती इको मोड या कमी विजेच्या सेटिंगमध्ये ८८ वर आणता येते. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही, पण कूलरवरचा ५४ वॅटचा भार हलका होतो.

नवा कूलर मागवण्याआधी कॅबिनेटची बाजूची झडप काढून आवाज नेमका कशाचा आहे हे कान देऊन तपासावे. पुष्कळदा दोष ग्राफिक्स कार्डचा किंवा एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फॅनचा निघतो, आणि तिथे प्रोसेसर कूलर बदलून काही होत नाही. संगणक बंद करून फॅनच्या तारेच्या क्लिपा सोडवाव्यात व तो बाजूला करून पट्ट्यांचे तोंड पाहावे. पंख्याखाली, उघड्या खिडकीपाशी ठेवलेल्या संगणकात तिथे धूळ आणि कापडाचे तंतू यांचा राखाडी थर जमलेला असतो, जो फॅन बसवलेला असताना बाहेरून दिसत नाही. मऊ ब्रशने तो काढला की त्याच वेगात हवा जास्त जाते.

आणि कूलर घ्यायचाच ठरला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात जाण्याआधी कॅबिनेटच्या पत्रकातली कूलरच्या उंचीची मर्यादा लिहून घ्यावी. एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी आहे, पीअरलेस असॅसिन १२० एसईची १५५. अरुंद कॅबिनेटमध्ये या दहा मिलिमीटरांमुळे झडप बसते की नाही ते ठरते. जुना कूलर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेच्या) बोर्डवर न्यायचा असेल, तर त्या बोर्डवरच्या कूलरच्या छिद्रांमधले अंतर ७८ मिमी आहे, आधीच्या एलजीए ११५x मालिकेतले ७५ मिमी होते, त्यामुळे कूलर बसवण्याचे वेगळे सुटे भाग मागून घ्यावे लागतात.