फुकट पासवाल्या मतदारांसाठी चार सूचना

गेल्या रविवारी सकाळी नऊच्या शोला मी एक सिनेमा फुकट पाहिला, आणि तेव्हापासून मला मतदारांना मार्गदर्शन करायची सुरसुरी आली आहे.

झालं असं की इंदूरमधल्या आमच्या वार्डात एक भैया आहेत. अजून पार्षद झालेले नाहीत (महाराष्ट्रातल्या पाहुण्यांसाठी: नगरसेवक), पण होर्डिंगवर केव्हाच झालेत. महापालिकेच्या मागच्या निवडणुका जुलै 2022 मध्ये झाल्या, म्हणजे पुढच्या काही फार लांब नाहीत, आणि भैयांनी पेरणी सुरू केली आहे. पूर्वी पेरणी म्हणजे साड्या, भंडारा, फार तर ओंकारेश्वरची बस. आता मॉलमधला अख्खा स्क्रीन बुक करून दहशतवादावरचा सिनेमा! गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पास आले. वर तिरंगा, मधे हात जोडलेले भैया, आणि भैयांच्या मागे एक टँक. पाण्याचा नाही हो, लढाईचा. पाण्याचा पाठवला असता तर मी घरीच थांबले असते.

असो. आता सूचना.

उमेदवाराचं शपथपत्र चुकूनही वाचू नका. विधानसभा-लोकसभेला उभं राहताना नमुना 26 मध्ये त्याला स्वतःवरचे खटले, जमीनजुमला, कर्ज, बायकोचं सोनं असं सगळं लिहून द्यावं लागतं आणि आयोगाच्या साइटवर ते कोणालाही बघता येतं. खटले असतील तर तीनदा वर्तमानपत्रात छापावेही लागतात. पण कशाला मन खराब करून घ्यायचं? त्या कागदावर पोहे ठेवावेत, वरून शेव आणि जीरावण मसाला पडला की कलमं दिसत नाहीत. त्यापेक्षा पोस्टर पाहावं. पोस्टरवर एकही खटला नसतो.

सिनेमा टॅक्स फ्री झाला की लगेच निघा, कारण देश वाचवण्याचं भाडं कमी झालेलं असतं. मार्च 2022 मध्ये आपल्या राज्यात एक सिनेमा टॅक्स फ्री झाला आणि तो पाहण्यासाठी पोलिसांना सुट्टीसुद्धा जाहीर झाली. मे 2023 मध्ये आणखी एक टॅक्स फ्री जाहीर झाला. त्याच वर्षी 17 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, हा अर्थात योगायोग. आता हिशोब बघा. शंभराच्या वरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, त्यातला निम्मा दिल्लीचा आणि निम्मा भोपाळचा. भोपाळ सोडून सोडून सोडणार काय, तर आपले 9 टक्के. दोनशेच्या तिकिटामागे अठरा रुपये! ते मुठीत घट्ट धरून पॉपकॉर्नच्या काउंटरवर जा आणि राष्ट्रहितासाठी काही सूट आहे का ते विचारा.

सुरुवातीला मोठ्या अक्षरात 'सत्य घटनांवर आधारित' येतं, ते मोठ्याने वाचा. 'पात्रे व प्रसंग काल्पनिक' ही पाटी भर्रकन जाते, तेवढ्या वेळात आपली सीट शोधा. जाहीरनामाही याच पद्धतीने वाचावा.

दहशतवादी ओळखायला शिका. सोपं आहे. डोळ्यात सुरमा, मागे हिरवट उजेड, आणि तो जेवतानासुद्धा वाईट जेवतो. एकदा हे शिकलात की थिएटरबाहेरही उपयोगी पडतं. आमच्या वहिनींना पडलं. शो सुटल्यावर मॉलच्या गेटपाशी नेमका आमचा नेहमीचा ई-रिक्षावाला उभा होता. याच माणसाने पाच वर्षं वहिनींच्या धाकट्याला शाळेत नेलं-आणलंय, एकदा पोराला वाटेत उलट्या झाल्या तर स्वतःच्या गमछाने तोंड पुसून घरी आणून सोडलंय. त्याने हात केला. वहिनी दोन पावलं मागे सरून माझ्या कानाशी म्हणाल्या, "दुसरी बघू या का?" मी आत जाऊन बसले. वहिनीही बसल्या, पण पर्स मांडीवर घट्ट धरून. त्याने आरशातून पाहिलं असेल. पाहिलंच असेल.

आता जरा लांबतंय, पण खरी सूचना ही पाचवी: थिएटरमध्ये बाहेरचं पाणी नेऊ नका.

तीन महिने झाले, आमच्या गल्लीत नर्मदेच्या पाण्याला वास येतोय. एक दिवसाआड येतं, ते येतं तेच मुळी गटाराची आठवण घेऊन. पहिल्या दोन बादल्या सोडून द्यायच्या, मग फडकं बांधायचं, मग उकळायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. तक्रार केली. फोन आला, "मॅडम, काम हो गया, शिकायत बंद कर दें?" मी म्हटलं, झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद. परत केली. परत फोन. तुम्हाला माहीतच आहे, पुढचं लिहीत नाही. पलीकडच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा काविळीने आठ दिवस सलाइनवर होता. तेव्हा मी ठरवलं की भैया स्वतः भेटणार आहेत ना, मग रविवारी सकाळी आलेलं पाणी तसंच्या तसं एका काचेच्या बाटलीत भरून न्यायचं आणि त्यांच्या हातात द्यायचं. भाषण नाही, भांडण नाही. नुसती बाटली.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने पर्स उघडली. "मॅडम, बाहर का पानी अलाऊ नहीं है." मी म्हटलं, हे प्यायचं नाही. त्याने संशयाने झाकण काढलं, बाटली नाकाशी नेली आणि मान मागे घेतली. "ये पानी है?" मी म्हटलं, "भैया, तेच विचारायला आत चाललेय." गेल्या तीन महिन्यांत माझ्या तक्रारीची प्रत्यक्ष तपासणी करणारा तो एकमेव अधिकारी. त्याने ती बाटली टेबलावर लायटर, गुटख्याच्या पुड्या आणि कोणाच्या तरी थेपल्यांच्या डब्याशेजारी ठेवली, आणि मी पुराव्याशिवाय आत गेले.

मध्यंतरात दिवे लागले आणि भैया माइक घेऊन पडद्यासमोर उभे राहिले. "ये फिल्म नहीं है, ये सच्चाई है!" टाळ्या. "आतंकवाद को मुँहतोड़ जवाब कौन देगा?" पुढच्या तीन रांगा ठरलेल्या होत्याच, त्यांनी कोण देणार ते सांगितलं. मी हात वर केला. शाळेत करतात तसा. भैयांना वाटलं ताईंना घोषणा द्यायची आहे, म्हणून माइक आला. मी म्हटलं, भैया, आमच्या गल्लीतलं पाणी पिऊन पोरं आजारी पडतायत, एकदा येऊन वास घ्या. भैया हसले. फार प्रेमाने हसले. म्हणाले, "दीदी, आज देश की बात है. मोहल्ले की बात बाद में करेंगे."

मोहल्ल्याची नंतर! अहो, तुम्ही मोहल्ल्याचीच निवडणूक लढवताय ना? घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांना नेमून दिलेली 18 कामं आहेत. पाचव्या क्रमांकावर पाणीपुरवठा. सहाव्यावर आरोग्य आणि साफसफाई. चौदाव्यावर स्मशानं, म्हणजे पाचवं आणि सहावं जमलं नाही तरी सोय आहे. अठराच्या अठरा वाचा, सीमेपलीकडे घुसून मारायचं काम कुठेच नाही. सीमेचं बघायला दिल्ली आहे, फौज आहे. ड्रेनेजची लाइन आणि नळाची लाइन वेगळी ठेवायला मात्र तुम्ही आहात, तुमच्याशिवाय कोणीही नाही. आणि तुम्ही नेमकं तेच सोडून टँकसमोर फोटो काढताय.

पण खरं सांगू, भैयांचा राग नाही आला. ते त्यांचं काम करत होते. राग आला तो मागून आलेल्या आवाजाचा. "बसा हो ताई, सिनेमा सुरू होतोय." शुद्ध मराठीत, आमच्याच गल्लीतून. वळून पाहिलं तर त्या काविळीवाल्या मुलाची आजी. हातात भैयांचं पोह्यांचं पाकीट.

मी बसले.

नोटाचं बटन दाबायचं की नाही, हे इंदूरकरांना शिकवायची गरज नाही. 2024 च्या लोकसभेला एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, 29 एप्रिलला, तो मागे घेतला आणि आपण 2,18,674 वेळा ते बटन दाबून देशात विक्रम केला. दुसरा नंबर नोटाचा! पुढे काय झालं? काही नाही. होतही नाही, नोटा पहिला आला तरी निवडून माणूसच येतो. बाकी मतदानाच्या दिवशी छप्पन दुकान या खाऊगल्लीत सकाळी लवकर मत देणाऱ्याला पोहे-जिलेबी फुकट होती, ती मी खाल्ली हे कबूल करते.

दहशतवाद म्हणजे काय ते मला माहीत नाही म्हणून मी पाण्यावर बोलते, असं वहिनी रिक्षात म्हणाल्या. वहिनी, 26 नोव्हेंबर 2008 आठवतं का? दुसऱ्या दिवशी, 27 ला, आपलं विधानसभेचं मतदान होतं. माझा भाऊ तेव्हा मुंबईत, रोज सीएसटीवरून जाणारा. रात्रभर फोन लागत नव्हता. पहाटे चारला लागला, आणि मी सातला मतदानाच्या रांगेत जाऊन उभी राहिले, कारण घरी टीव्हीसमोर बसवत नव्हतं. रांगेत कोणी घोषणा देत नव्हतं. कोणी कोणाला मुँहतोड़ जवाब मागत नव्हतं. पुढच्या एका आजोबांनी ट्रान्झिस्टर कानाला लावला होता आणि मधेच वळून सांगत होते, अजून ताज सुटलं नाही.

त्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी तुकाराम ओंबळे नाकाबंदीवर होते. हातात काठी. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला, म्हणून चार वर्षांनी, 21 नोव्हेंबर 2012 ला, येरवड्यात फाशी झाली. 166 माणसं गेली होती. ओंबळेंना देश वाचवायचं कंत्राट दिलेलं नव्हतं. नाकाबंदीची ड्यूटी होती, ती त्यांनी केली. भैयांची ड्यूटी ते पाचव्या क्रमांकाचं पाणी आहे. ती सोडून अशा माणसांच्या मरणावर पोहे वाटताना लाज वाटायला हवी होती. त्यांना वाटत नसेल तर निदान खाणाऱ्यांना.

हो, तुम्हालाच म्हणतेय. गल्लीतल्या त्या छप्पन घरांना, मला धरून. सिनेमात कोणी मेलं की तुम्ही डोळे पुसता. डिसेंबर 2025 संपता संपता याच आपल्या शहरात, 2017 पासून स्वच्छतेचा झेंडा मिरवणाऱ्या शहरात, भागीरथपुऱ्यात नळाचं दूषित पाणी पिऊन माणसं मेली. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही, कारण खलनायक म्हणून एक फुटकी पाइपलाइन आहे आणि तिला सुरमा घालता येत नाही. तेव्हा आठ दिवस तुम्ही बिस्लेरीचे कॅन आणलेत आणि नवव्या दिवशी विसरलात. भैया कशाला आठवण ठेवतील? त्यांना तुम्ही पाणी मागितलंच नाही. तुम्ही पास मागितलात. "आमच्या सूनबाईंचाही धरा", "कोपऱ्यातली सीट नको", "पार्किंगचं कूपन मिळेल का". ग्रुपवर सगळं आहे, वर सरकवून बघा. पाण्यावरचा माझा मेसेज त्याच दिवशीचा आहे. त्याला एक अंगठा, तोही आमच्या ह्यांचा.

शो सुटल्यावर बाटली तिथेच टेबलावर होती. लायटर गेले होते, थेपल्यांचा डबा गेला होता. तळाशी बोटभर गाळ बसला होता. सिक्युरिटीवाला म्हणाला, "ले जाइए मॅडम, इसको किसी ने हाथ नहीं लगाया." ती आता ओट्यावर आहे. ज्याला वास घ्यायचा असेल त्याने यावं, पास लागत नाही.

आज सकाळी ग्रुपवर पुढच्या रविवारचे पास आलेत. दुसरा सिनेमा, तोच टँक. त्या आजींनी सगळ्यात आधी हात जोडलेत आणि चार मागितलेत.