फेराइट पुरेसा असताना निओडिमियम कशासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुर्मिळ मृदा चुंबकांच्या, म्हणजे निओडिमियमसारख्या धातूंपासून बनणाऱ्या शक्तिशाली चुंबकांच्या, रोजच्या उपयोगांवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत: मी सांगितलेली बहुतेक कामे स्वस्त फेराइट चुंबकानेही (लोहाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या साध्या चुंबकानेही) होतात; चुंबकीय कड्यांनी सांधेदुखी थांबते हा फायदा मी गाळला; आणि खाणींमुळे होणाऱ्या हानीविषयी मी अवाक्षरही काढले नाही.

पहिला आक्षेप अर्धाच मान्य करता येतो. फेराइट स्वस्त आहे, गंजत नाही, आणि फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीत आजही तोच असतो. तेथे निओडिमियम घालणे ही निव्वळ उधळपट्टी ठरेल. मात्र फेराइट थोडा मोठा घेतला की काम भागते, हे आपले गृहीतक मुबलक जागा असेल तेथेच खरे ठरते. एक घनमीटर फेराइटमध्ये साधारण 30 ते 40 किलोज्यूल चुंबकीय ऊर्जा उपलब्ध असते, तर उत्तम प्रतीच्या निओडिमियम चुंबकात ती 400 च्या आसपास जाते. म्हणजे तेच काम फेराइटकडून करून घ्यायचे तर सुमारे दहापट आकारमान हवे, आणि कानात बसणाऱ्या इअरफोनमध्ये किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याची भिंग सरकवणाऱ्या यंत्रणेत ते मिळणे शक्य नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पातळपणाचा आहे. चुंबक जितका पातळ, तितके त्याचे स्वतःचेच क्षेत्र आतून उलट दिशेने काम करून त्याचे चुंबकत्व घालवू पाहते. जुने अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट असलेल्या लोखंडी मिश्रधातूचे) चुंबक लांब दांडीच्या किंवा नालेच्या आकारात घडवले जात ते याच कारणाने. निओडिमियम हा विरोध सहज सोसतो. बंद पडलेली हार्ड डिस्क उघडून पाहिलीत, तर तबकडीवरील माहिती वाचणाऱ्या दांडीच्या मागच्या टोकाशी पोलादी पट्टीला चिकटवलेला, निकेलच्या मुलाम्याने चकाकणारा, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा वक्र तुकडा दिसेल. त्याच्या एकाच पृष्ठभागाच्या एका अर्ध्यावर उत्तर ध्रुव असतो आणि दुसऱ्या अर्ध्यावर दक्षिण. समोरच्या फटीत तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते आणि त्यातील विद्युतप्रवाहानुसार दांडी काही मिलिसेकंदांत एका मार्गिकेवरून दुसरीवर जाते. (तो तुकडा हाताने सुटत नाही, आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटताना बहुधा तुटतो, कारण हे चुंबक फार ठिसूळ असतात.)

विजेवर फिरणाऱ्या मोटारींच्या (इलेक्ट्रिक मोटर) बाबतीत फायदा वजनाबरोबर विजेचाही आहे. कायम चुंबक नसलेल्या इंडक्शन मोटारीच्या रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) प्रवाह खेळवावा लागतो आणि त्यातील काही ऊर्जा उष्णतेत वाया जाते. कायम चुंबकाच्या रोटरला तो प्रवाह लागत नाही. टेस्लाने 2012 च्या मॉडेल एस या विद्युत गाडीत इंडक्शन मोटार वापरली, पण 2017 च्या मॉडेल 3 मध्ये ती कायम चुंबकाच्या मोटारीकडे वळली.

कड्यांविषयी थोडक्यात सांगतो: त्यांनी वेदना कमी होतात याला विश्वासार्ह पुरावा नाही, आणि रक्तातील लोह हिमोग्लोबिनमध्ये ज्या स्वरूपात असते त्या स्वरूपात ते लोखंडासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही. उलट लहान मुलाने निओडिमियमचे दोन चुंबक गिळले, तर आतड्याच्या भिंती त्यांच्यात चिमटल्या जाऊन तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी तर ते छातीजवळ आणूच नयेत.

खाणींचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माझा लेख उपयोगांपुरता मर्यादित होता, परंतु आपण विषय काढलाच आहे, तर अडचण नेमकी कोठे आहे हे पाहू. पृथ्वीच्या कवचात निओडिमियम शिशापेक्षा अधिक आहे. मात्र ते विखुरलेले असते, आणि रासायनिकदृष्ट्या जवळजवळ सारख्या असलेल्या त्याच्या भावंडांपासून (इतर दुर्मिळ मृदा धातूंपासून) ते वेगळे काढण्यासाठी आम्ले व द्रावके मोठ्या प्रमाणात लागतात. हे धातू ज्यातून मिळतात त्या मोनाझाइटसारख्या खनिजात थोरियमही असल्यामुळे उरलेला गाळ किरणोत्सारी असतो. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक सुमारे 80 अंश सेल्सियसच्या पुढे कमकुवत होऊ लागतो, म्हणून वाहनांच्या मोटारींसाठी त्यात बहुधा डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. ही मूलद्रव्ये आणखी विरळ आहेत आणि त्यांच्या शुद्धीकरणावर चीनचे जवळपास पूर्ण वर्चस्व आहे.

हे चुंबक टाकाऊ वस्तूंतून परत मिळवावेत, ही आपली सूचना योग्यच आहे. आज ते फारसे होत नाही, कारण उपकरणात ते गोंदाने घट्ट बसवलेले असतात, सुटे करताना लगतच्या पोलादाला चिकटतात, आणि मोबाइलमध्ये तर एकेका तुकड्याचे वजन इतके नगण्य असते की तो वेगळा काढण्याऐवजी सरसकट भंगाराबरोबर भरडला जातो. पवनचक्क्या आणि वाहनांच्या मोटारी यांची गोष्ट निराळी आहे: तेथे चुंबक किलोंच्या हिशेबाने हाती लागतो, त्यामुळे पुनर्वापराची सुरुवात तेथूनच करणे परवडेल असे मला वाटते.