सुनेला कुणी विचारलंच नाही

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. विषय स्ट्रोक, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी अचानक गुठळीने बंद पडून किंवा फुटून येणारा झटका. वाचा आणि आपापल्या घरच्या ग्रुपवर टाका.

दुसऱ्या हॉस्पिटलमधून आलेल्या एका आजींच्या फाईलमध्ये सगळं होतं. लिपिड प्रोफाइल, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, ईसीजी. फक्त त्या शेवटच्या नीट कधी होत्या, ही एक ओळ नव्हती. त्याऐवजी लिहिलं होतं, ‘सकाळी ८ वाजता उजव्या बाजूला लकवा, वाचा बंद. झोपेत झालं असावं.’ आठ वाजता मुलाने पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ. आदल्या रात्री दहाला झोपल्या होत्या, म्हणून घड्याळ रात्री दहापासून धरलं, गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ गेली असं ठरवलं आणि मग सगळं सावकाश चाललं.

आमच्याकडे त्या ११.१० ला पोचल्या. मागून रिक्षाने सून आली. तिला विचारलं तर ती पटकन म्हणाली, “सव्वासहाला दूध त्यांनीच घेतलं की. दूधवाल्याशी हिशोबावरून बोलल्या पण, मग परत आडव्या झाल्या.”

सव्वासहा. त्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास, म्हणजे पावणेअकरा. ती वेळ आजी अजून ॲम्ब्युलन्समध्ये असतानाच टळली होती.

स्ट्रोकमध्ये घड्याळ ‘कधी लक्षात आलं’ तिथून सुरू होत नाही, ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं’ तिथून होतं. अल्टेप्लेज, म्हणजे हेच इंजेक्शन, द्यायचं की नाही हे त्यावरच ठरतं. किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा हिस्सा एका मिनिटात, बाकी तासाभरात. म्हणून वजनही लागतं, अंदाजे का होईना. साडेचार तासांच्या आतसुद्धा पहिल्या तासाचा फायदा चौथ्यापेक्षा कितीतरी जास्त. मोठ्या नसेतली गुठळी तारेने ओढून काढता येते, सहा तासांपर्यंत, निवडक पेशंटमध्ये चोवीसपर्यंत. आजींची गुठळी बारीक फांदीत, तिथे तार पोचत नाही. झोपेतून उठल्यावर कळलेल्या स्ट्रोकमध्ये एमआरआय बघून इंजेक्शन देता येतं, हे मान्य. पण आजींच्या एमआरआयवर डाग पक्का उमटलेला होता, म्हणजे तीही वाट बंद.

आता बीपी. इथे माझा राग आवरत नाही. पहिल्या ठिकाणी ते १९०/१०० होतं. जिभेखाली गोळी देऊन १३०/८० वर आणलं आणि नातेवाइकांना सांगितलं, ‘बीपी कंट्रोलमध्ये आलं.’ अहो, मेंदूची रक्तवाहिनी बंद असताना आजूबाजूचा मेंदू आडवाटेने येणाऱ्या रक्तावर तगून असतो, आणि ते रक्त पुढे ढकलायला तो वाढलेला दाबच लागतो. इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावायचा नाही. द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणायचं, शिरेतून, हळूहळू, आणि पुढचे चोवीस तास १८०/१०५ च्या आत ठेवायचं. रक्तस्राव असेल तर हिशोब वेगळा, पण तो आहे की नाही हे सीटीशिवाय कळत नाही. जिभेखालची निफेडिपिन अजून कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर आजच फेका. बीपी धाडकन पडतं.

रात्रपाळीला एकटा ज्युनियर असतो, समोर दहा पेशंट असतात, हेही खरं. पण ‘कुणी पाहिलं शेवटचं?’ हे विचारायला स्पेशालिस्ट लागत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत बोटातून साखर बघा. उपवासाच्या दिवशी डायबेटिसची गोळी घेऊन काही न खाल्लेला माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो. साखर ६० च्या खाली असेल तर ग्लुकोज दिल्यावर हात हलायला लागतो. इंजेक्शनआधी थांबून वाट बघावी अशी रक्ततपासणी सहसा हीच एक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्याची तपासणी वेगळी, म्हणून औषधांची पाकिटं सोबत आणा. थायरॉइडसाठी कुणाचा मेंदू थांबत नाही.

मग दोन्ही हात उचलून धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. पूर्ण खाली पडेपर्यंत थांबू नका, तळवा आत वळत हात सरकतो तिथेच कळतं. दात दाखवायला सांगा, मग कपाळाला आठ्या घालायला सांगा. स्ट्रोकमध्ये कपाळ बहुधा शाबूत राहतं. तेही लुळं असेल तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार असू शकतो. पेन दाखवा, घड्याळ दाखवा, नावं विचारा. भलतेच शब्द बोलणाऱ्याला लोक ‘भ्रम झालाय’ म्हणून मोकळे होतात, आणि तो वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच बिघडणं, निघतो. चक्कर आलेल्याला तर उठवून बसवल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय घरी पाठवूच नका. लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये हातपाय धड, चेहरा सरळ, स्ट्रोकची तीव्रता मोजणारा स्कोअर शून्य असू शकतो, पण माणसाला आधाराशिवाय बसता येत नाही.

आणि ‘सीटी नॉर्मल आला, घाबरू नका’ हे वाक्य बंद करा. सुरुवातीचा साधा सीटी रक्तस्राव नाही ना, हे बघायला असतो. गुठळीचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत त्यात दिसेलच असं नाही. साधा सीटी स्वच्छ आणि हात लुळा, म्हणजे इंजेक्शनची तयारी करा. सीटीआधी ॲस्पिरिन देऊ नका, आणि गिळता येतंय का हे बघेपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नको.

घरच्यांवर माझा राग नाही. अंगावरून वारं गेलं म्हणून मालिशवाल्याकडे, कबुतराच्या रक्ताकडे धावणारी माणसं मी पाहिली आहेत. आजींच्या मुलाने तसं काही केलं नाही, तो थेट हॉस्पिटलात गेला. त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. तो आठपर्यंत झोपलेला होता, त्याला दूधवाला कुठून माहीत असणार? सून घरी मुलांचे डबे भरत होती. तिला फोन करायला कुणाला सुचलं नाही, आणि तिला स्वतःला वाटलं की डॉक्टर मोठ्या माणसांशी बोलताहेत, आपण कशाला मध्ये पडा.

म्हणून १०८ ची गाडी दारात आली की घरातलं सगळ्यात मोठं माणूस पुढे बसवू नका. पेशंटला शेवटचं बोलताना ज्याने पाहिलं, त्याला बसवा, मग ती सून असो, कामवाली असो की शेजारचा शाळकरी पोरगा. येणं शक्यच नसेल तर त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून पेशंटच्या खिशात घाला आणि त्याला सांगा, फोन आला की उचल.